अडीच वर्षांचा देश

नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तशी गर्दी दाराकडं धावली आणि बुद्धप्रियानं सवयीनं खिडकीतून रुमाल टाकला. धक्के खात, पिशवी सांभाळत ती आत पोहोचली, तर त्या सीटवर एक उंचच उंच आफ्रिकन मुलगा बसलेला. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, आणि तिचा गुलाबी रुमाल दोन बोटांत धरून तो वर टपाकडं बघत होता — हे कुठून पडलं म्हणून.

"ती माझी जागा आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"नक्को," तो मराठीत म्हणाला. "मी आधी बसली."

"बसली नाही. बसलो."

"तू बसलो?"

"मी नाही रे, तू—" तिला हसू आवरेना. मागून रेटा आला आणि कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, दोघांची सीट हाय ती. बसा की."

ती बसली. त्यानं रुमालाची नीट घडी केली आणि तिच्या हातात दिली.

२०१४ चा जानेवारी होता. खिडकीची काच अडकलेली, थंड वारा सरळ कानात शिरत होता. तिनं ओढणी डोक्यावर घेतलेली पाहून त्यानं आपली बॅग उचलली आणि खिडकीच्या फटीला लावून धरली. वारा अडला. बुद्धप्रियाला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा जरा रागही आला.

पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती. त्याला न्याहाळून झालं, मग हिच्याकडं मोर्चा वळला.

"कुठं चालली गं?"

"चाकूरला."

"कुणाची तू?"

"निवृत्ती गुरुजींची."

"आडनाव काय गुरुजींचं?"

"चाकूरचीच आहे मी, मावशी," असं म्हणून बुद्धप्रिया बाहेर बघायला लागली. बाई थोडा वेळ उत्तराची वाट बघत राहिली, मग पुढं वळली.

"नाव?" त्यानं हळूच विचारलं.

"बुद्धप्रिया. तुझं?"

"माजोक. साउथ सुदान." आणि ती काही बोलायच्या आत, "सुदान नाही. साउथ सुदान. नवीन आहे. अडीच वर्षांचा देश."

बुद्धप्रिया सावरून बसली. ती विद्यापीठात राज्यशास्त्रात एम. ए. करत होती आणि तिच्या मॅडमनी तिला लघुप्रबंधाला विषय दिला होता — नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशातले तरुण स्वतःला कोण समजतात. सहा महिने ती लायब्ररीत बसून त्यावर वाचत होती. आणि आता तसा एक तरुण बॅगेनं वारा अडवत शेजारी बसला होता.

तो फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होता. मराठी कुठं शिकलास विचारलं तर म्हणाला, देगलूर नाक्याच्या खानावळीत, अर्धी तिथल्या मालकिणीकडून, म्हणजे खालाकडून, अर्धी भाजीवाल्यांकडून. घरी दिंका भाषा, बाजारात राजधानीची, जुबाची अरबी.

"साबणाला काय म्हणता?" तिनं विचारलं.

"साबून."

"खुर्ची?"

"कुर्सी."

"औषध? आमची आजी दवा म्हणायची."

"दवा," तो म्हणाला आणि तिच्याकडं संशयानं बघितलं. "तू अरबी बोलते?"

"निजामानं मागं ठेवलेलं आहे हे सगळं. आमच्याकडं बाया भांडताना पण अरबी बोलतात, त्यांना माहीत नसतं एवढंच."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसत आणि ओठ मग. लोहा जवळ आलं होतं. उसाच्या गाड्या रस्ता अडवून चालल्या होत्या, आणि बोलणं इतकं सैल झालं होतं की बुद्धप्रियानं मनातला प्रश्न सरळ विचारून टाकला.

"माजोक, तू आधी कोण? दिंका, की साउथ सुदानचा?"

त्याचं हसू गेलं. ते जाताना तिला दिसलं.

"हे कोण विचारतंय?"

"मी... म्हणजे, माझा प्रबंध आहे. त्यासाठी."

"हां," तो म्हणाला आणि खिडकीकडं तोंड करून बसला.

लोहा मागं पडलं. मग अचानक, तिच्याकडं न बघता, इंग्रजीत म्हणाला, "ती बाई तुला आडनाव विचारत होती. तू गावाचं नाव का सांगितलंस?"

बुद्धप्रियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला कळलं होतं. नांदेडमध्ये दीड वर्ष राहून ह्या परक्या मुलाला आडनावाचं कळलं होतं.

अहमदपूरला गाडी थांबली, माणसं चहाला उतरली. ती दोघं बसूनच राहिली. शेवटी तीच म्हणाली, "सॉरी. मी तुला पुस्तकासारखं विचारलं."

त्यानं मान हलवली. मग हळूहळू सांगितलं. डिसेंबरात जुबामध्ये गोळीबार सुरू झाला होता. आधी फौजेत, मग घराघरांत. भांडण वरच्यांचं, पण मारणारे आणि मरणारे भाषेवरून ओळखले जात होते — दिंका आणि नुएर, दोन जमाती. नांदेडला माजोकच्या खोलीत त्याच्याबरोबर कोआंग राहायचा. कोआंग नुएर. दोघं एका ताटात जेवायचे. एका दुपारी कोआंगला फोन आला की जुबात त्याचा मोठा भाऊ मारला गेला. माजोकचा चुलतभाऊ तिथंच फौजेत होता. कोआंगनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माजोक कॉलेजातून आला तर कोआंगची गादी गुंडाळलेली, आणि कोआंग नव्हता. लातूरला एका केनियाच्या मुलाकडं गेलाय एवढंच कळलं होतं.

"आणि तू त्याला आणायला चाललायस?"

"हौ."

"तो येईल?"

"मारेल कदाचित," माजोक म्हणाला. हे तो थट्टेत म्हणाला नव्हता.

"चाकूर, चाकूर," कंडक्टरनं हाक दिली. पुढची बाई उतरली. बुद्धप्रिया पिशवी मांडीवर धरून तशीच बसली. घर समोरच्या वळणावर होतं. आईनं आज थालीपीठ लावायचं कबूल केलं होतं.

"ताई, तुमचं तिकीट हितवरच हाय," कंडक्टर म्हणाला.

"पुढचं द्या. लातूर." तिनं त्याच्या नजरेला नजर दिली नाही; माजोकच्याही नाही. फक्त म्हणाली, "तुझं मराठी ऐकून लातूरवाले तुला औशाला पाठवतील. पत्ता मी विचारते."

पत्ता विचारत विचारत गंजगोलाईच्या बाजाराला फेरा घालून ती दोघं ट्यूशनच्या गल्ल्यांमध्ये पोहोचली. तिथं पोरापोरींच्या खोल्यांची दाटी, प्रत्येक गच्चीवर वाळत घातलेले युनिफॉर्म. एका मेसवाल्यानं बोटानं जिना दाखवला. माजोकनं दार वाजवलं.

कोआंग उघड्या दारात उभा राहिला. माजोकएवढाच उंच, कपाळावर जमातीच्या खुणेचे आडव्या रेषांचे व्रण, गालफडं बसलेली. त्यानं माजोककडं बघितलंच नाही. बुद्धप्रियाकडं बघून इंग्रजीत विचारलं, "ही कोण?"

"मैत्रीण," माजोक म्हणाला. "चल घरी."

"घर कुठंय?"

"कोआंग, मी तुझ्या भावाला ओळखत होतो. त्यानं मला—"

"त्याला विचार," कोआंग बुद्धप्रियाला म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता, आणि म्हणून तिला जास्त भीती वाटली. "त्याला विचार, त्या रात्री त्याचा चुलतभाऊ कुठं होता. त्याला माहीत नाही. मलाही माहीत नाही. ते माहीत नसताना आम्ही एका खोलीत कसं झोपायचं, ते सांग."

माजोकचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"आपण एकाच दिवशी स्वतंत्र देशासाठी मत दिलं होतं," तो शेवटी म्हणाला. "तू पण. मी पण."

"मी दिलेलं मत मी परत घेतलं," कोआंग म्हणाला आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

जिन्यात माजोक बसून राहिला. वरच्या खोलीतला कुणीतरी पोरगा मोठ्यानं जीवशास्त्र पाठ करत होता. बुद्धप्रिया दोन पायऱ्या खाली उभी. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, आणि ठेवला नाही. ते न ठेवणं तिला परतीच्या पूर्ण वाटेवर बोचत राहिलं.

चाकूरला ती उतरायला उठली तेव्हा त्यानं विचारलं, "प्रबंधात माझं काय लिहिणार?"

"काही नाही. तुझं नाव नाही, तुझं काहीच नाही."

"मग भेटणार कशाला?"

ती दाराशी थांबली. "बसलो-बसली शिकवायला."

*

फेब्रुवारीत ती दोघं गोदावरीच्या घाटावर भेटायला लागली. उन्हं कलली की पाणी पितळी दिसायचं, पलीकडून म्हशी पोहत यायच्या. तो शेंगा घ्यायचा, ती सोलून निम्म्या त्याच्या हातावर ठेवायची. बोटाला बोट लागलं की दोघंही जरा वेळ नदीकडं बघायची.

"मी आलो," तो पाठ केल्यासारखं म्हणायचा. "मी बसलो. तू आली. तू... सुंदर बसली."

"सुंदर दिसलीस, म्हणतात."

"हौ. तेच." आणि मग शेंगेचं टरफल लांब फेकून, "मला येत होतं ते. तुझ्याकडून ऐकायचं होतं."

एकदा त्यानं स्वातंत्र्यासाठीच्या मतदानाचा दिवस सांगितला. पहाटेपासून लांबच लांब रांग, म्हाताऱ्या बायका जमिनीवर बसून सरकत होत्या, आई रांगेतच गाणं म्हणत होती. बोटाची शाई जाऊ नये म्हणून त्यानं त्या हातानं कित्येक दिवस जेवण केलं नव्हतं. "तेव्हा कुणी विचारलं नाही, दिंका की नुएर. सगळे रडत होते. म्हणत होते — वतन, वतन."

बुद्धप्रियानं सोलायला घेतलेली शेंग तशीच खाली ठेवली.

"काय झालं?"

"वतन म्हणजे तुमच्यात देश ना?"

"देश. घर. सगळं."

"आमच्या पणजोबांकडं वतन होतं," ती म्हणाली. "आमच्याकडं वतन म्हणजे... गावाची कामं. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायचं, पिढ्यान्‌पिढ्या. बदल्यात जमिनीचा तुकडा, त्यावर नाव, आणि वेशीबाहेरचं घर. आजोबांनी ते सोडलं. आमच्या घरात वतन सुटलं म्हणजे सुटका झाली." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "त्या बाईला मी आडनाव का नाही सांगितलं, तू विचारलं होतंस ना? त्या आडनावावरून अजून तेच हुडकतात."

मग त्यानं तिचा हात घेतला, शेंगांच्या फोलपटांसकट. आजूबाजूला माणसं होती. तिनं हात काढून घेतला नाही.

पण ते दिवस निवांत नव्हते. कोआंगला तो रोज फोन लावायचा, कोआंग उचलायचा नाही. माजोकचं गाव बोर शहराच्या बाजूला. तेही आता जळालं होतं. आई धाकट्या बहिणीला घेऊन नदी ओलांडून युगांडातल्या छावणीत पोहोचली होती. आणि काकांचे फोन येत होते. काका म्हणजे घरातला मोठा माणूस, शिकायला त्यांनीच पाठवलेलं. ते म्हणत होते, तुझ्या वयाची सगळी पोरं बंदूक घेऊन उभी आहेत, तू दवा कसल्या शिकतोस, परत ये. फोन वाजला की माजोक उठून घाटाच्या टोकाला जायचा आणि परत येईपर्यंत त्याचा चेहरा दगडी झालेला असायचा.

"तू जाशील?" तिनं एकदा विचारलंच.

"नाही गेलो तर मी कुणाचा नाही."

"आणि गेलास तर?"

तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवरून जाणारी दोन माणसं त्यांच्याकडं बघून काहीतरी म्हणाली आणि हसली. त्यातला एक चाकूरचा होता.

त्या आठवड्यात बाबांचा फोन आला. निवृत्ती गुरुजी आवाज चढवणाऱ्यातले नव्हते.

"ऐकून राहिलो ते खरं हाय का, बाई?"

"हाव, बाबा."

"कोण हाय पोरगा?"

"माजोक नाव आहे. साउथ सुदानचा आहे."

मग गुरुजी म्हणाले, "तुला शिकवलं, कुणापुढं मान खाली घालायची न्हाई म्हणून. आता गावातून जाताना मी घालून राहिलो." फोन ठेवला. बुद्धप्रिया हॉस्टेलच्या व्हरांड्यात उभी राहिली, आणि तिला वाटलं, आता दोन्हीकडून दोर तुटायला आलाय.

*

मार्चच्या सुरुवातीला लातूरहून त्या केनियाच्या मुलाचा फोन आला. कोआंगनं ताप अंगावर काढला होता. टायफॉइडनं आतडं फुटलंय, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करायचंय, त्याचं म्हणावं असं कुणी नाही.

माजोकनं बुद्धप्रियाला फक्त एवढंच सांगितलं, "मी निघालो." क्रियापद बरोबर आलं होतं, पण तिला हसू आलं नाही. तीही निघाली.

अहमदपूर सोडलं आणि आभाळ हिरवट काळं झालं. आधी वारा, मग टपावर एक ठोका, मग दुसरा, आणि मग गारा सुरू झाल्या — लिंबाएवढ्या, आवळ्याएवढ्या, रस्ता पांढरा होईतो. चाकूर थोडंच राहिलं असताना समोरची काच तडकली. ड्रायव्हरनं गाडी बाभळींच्या कडेला घेतली. बाया पदरात पोरं दाबून खाली वाकल्या.

रस्त्यालगतच्या शेतात एक म्हातारा शेतकरी पोतं डोक्यावर घेऊन धडपडत होता. त्याचा देवणी जातीचा बैल झाडाला बांधलेला, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, गारांच्या माऱ्यानं वेडापिसा होऊन दावं ओढत गोल फिरत होता. म्हाताऱ्याला जवळ जाता येईना.

बुद्धप्रियाला कळायच्या आत माजोक खाली उतरला होता.

"माजोक," ती ओरडली आणि पिशवी डोक्यावर धरून मागं पळाली.

तो बैलाच्या बाजूनं, हात खाली ठेवून, हळूहळू जवळ गेला. गारा त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर बसत होत्या. तोंडानं तो काहीतरी गुणगुणत होता, खालच्या, लांबट स्वरात. बैल थबकला. माजोकनं त्याच्या मानेला मान लावली, दावं सोडलं आणि त्याला चालवत गोठ्याच्या पत्र्याखाली आणलं. मागून म्हातारा, त्याच्यामागून ती.

पत्र्यावर कानठळ्या बसवणारा आवाज चालला होता. माजोकच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. बुद्धप्रियानं ओढणी काढली आणि पायाच्या बोटांवर उभी राहून त्याच्या कपाळाला बांधायला लागली. तरी हात पोहोचेना. तो खाली वाकला. दोघांचे श्वास एकमेकांत मिसळले.

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. तिनं ओढणीची गाठ आवळली. "काय गरज होती?"

"माझं नाव आहे हे," तो बैलाच्या अंगावर हात फिरवत म्हणाला. "माजोक म्हणजे काळा-पांढरा बैल. आमच्यात पोराला बैलाच्या रंगाचं नाव देतात."

म्हाताऱ्यानं ऐकलं. डोळे पुसत तो म्हणाला, "मंग आजपून ह्यो बी माजोकच."

गारा थांबल्या तेव्हा शेत पांढरं आणि आडवं होऊन पडलं होतं. म्हातारा ते बघत नुसता उभा राहिला, आणि माजोकही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. गाडी आता पुढं जाणार नव्हती. बुद्धप्रियानं श्वास घेतला आणि बाबांना फोन लावला.

गुरुजी एका मित्राची जीप घेऊन आले. त्यांनी मुलीकडं बघितलं — ओढणी नव्हती. मग त्या उंच मुलाच्या कपाळाकडं बघितलं — ओढणी तिथं होती, रक्तानं भिजलेली. म्हाताऱ्यानंच पुढं होऊन सांगितलं, "गुरुजी, माझा बैल वाचवला ह्यानं."

जीप लातूरकडं निघाली.

"तुमच्याकडं," गुरुजी आरशात बघत अडखळत म्हणाले, "जात असती का?"

"बाबा," बुद्धप्रिया म्हणाली.

"विचारून राहिलो फक्त."

"असते, सर," माजोक म्हणाला. "नाव वेगळं आहे."

"अन जो दवाखान्यात हाय तो?"

"तो दुसरा. नुएर."

"तुमच्यात त्यांच्यात लढाई चालू हाय म्हणं."

"हौ."

"मंग तू कशाला चालला?"

माजोकनं विचार केला. त्याला मराठीत सापडलं नाही, इंग्रजीतही नाही. शेवटी म्हणाला, "त्याला भात नाही आवडत. दवाखान्यात भात देतील."

गुरुजींनी आरशातली नजर काढून रस्त्यावर ठेवली. मग त्यांनी जीप जोरात काढली.

कोआंग स्ट्रेचरवर होता, ओठ पांढरे. सिस्टरनं घाईत विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

"भाऊ," माजोक म्हणाला.

"सख्खे?"

माजोकनं कोआंगकडं बघितलं. कोआंगचे डोळे उघडे होते.

"हौ. सख्खा," माजोक म्हणाला.

कोआंगनं डोळे मिटून घेतले. त्याला आत नेलं.

*

कोआंग वाचला, पण माजोकशी बोलला नाही. माजोक त्याचं अंग पुसायचा, कूस बदलून द्यायचा, पेज भरवायचा. कोआंग तोंड उघडायचा आणि भिंतीकडं बघत गिळायचा. बुद्धप्रिया दुपारी चाकूरहून डबा घेऊन यायची. डब्यात आईनं ज्वारीच्या मऊ कण्या दिलेल्या असायच्या. कुणाला म्हणून दिल्या ते आई बोलायची नाही.

एका दुपारी काकांचा फोन आला. माजोक उठून बाहेर जाईल असं तिला वाटलं. तो गेला नाही. पलंगाच्या कडेला बसूनच त्यानं फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज तिलाही ऐकू येत होता, चढलेला, न थांबणारा. माजोक आधी दिंकात एखाददुसरा शब्द बोलत होता. मग थांबला. कोआंगकडं बघितलं. आणि अरबीत बोलायला लागला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. पलीकडं एकदम शांतता झाली, मग आवाज आणखी चढला, तोही आता अरबीत. माजोक बोलतच राहिला. शेवटचा शब्द तेवढा बुद्धप्रियाला कळला, कारण तो चाकूरच्या बाजारातही रोज कानावर पडायचा — "खलास."

पलीकडून फोन बंद झाला.

माजोक तसाच बसला. वॉर्डातला पंखा करकरत होता. मग भिंतीकडं तोंड करून पडलेला कोआंग इंग्रजीत बोलला, बुद्धप्रियाशी.

"त्याच्या काकांना त्यानं सांगितलं की तो बंदूक धरायला येणार नाही. काका म्हणाले, ह्या घरात तुझं नाव घेणार नाही कुणी. दिंकात सांगता आलं असतं त्याला. मला कळावं म्हणून अरबीत सांगितलं." तो दमला, थोडा थांबला. मग मान वळवली आणि कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदा माजोकशी बोलला.

"पाणी दे."

माजोकनं त्याच्या मानेखाली हात घालून पाणी पाजलं. निम्मं सांडलं. दोघांपैकी कुणीच ते पुसलं नाही.

बुद्धप्रिया हळूच बाहेर आली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऊन होतं, कडेला नातेवाइकांचे डबे, चपला, वाळत घातलेली लुगडी. थोड्या वेळानं तो आला आणि तिच्या शेजारी बसला. कपाळावरची खपली सुकली होती.

"परीक्षा झाली की जातो," तो म्हणाला. "युगांडाला. आईकडं. लढायला नाही. तिला बघायला."

तिला माहीत होतं हे येणार. तरी तिनं विचारलंच. "परत येशील?"

"व्हिसा मिळाला तर. शिष्यवृत्ती राहिली तर. देश राहिला तर..." त्यानं हात पसरले. "मी शब्द देत नाही, प्रिया. खोटं होईल."

"नको देऊस." ती समोर बघत होती, पण आवाज ठाम होता. "जा. आईला भेट. आणि तिला सांग..."

"काय सांगू?"

"सांग की चाकूरला एक मुलगी आहे. निवृत्ती हनमंते गुरुजींची. हनमंते, नीट सांग. तिला तू आवडतोस."

"आवडतोस म्हणजे काय?"

"माजोक."

"खालानं नाही शिकवलं हे."

"तुला माहीत आहे सगळं."

"माहीत आहे. ऐकायचंय."

ती वळली. तिथं माणसं होती, सिस्टर ये-जा करत होत्या, चाकूरचंही कुणी असू शकलं असतं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "झालं? आता तू."

आधी त्याचे डोळे हसले — पाण्यानं भरलेले — आणि ओठ मग. "माझं पण," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तू चाकूरला उतरली नाहीस ना... तेव्हापासून."

त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला.

"पण आईला सांगितलं की ती लगेच विचारेल," तो म्हणाला.

"काय?"

"किती गायी द्यायच्या. आमच्यात मुलीच्या वडिलांना गायी देतात. तू शिकलेली. जास्त लागतील."

तिला रडतारडता हसू फुटलं. "बाबा शिक्षक आहेत. पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं एक लिंबाचं झाड. गायी बांधायच्या कुठं?"

मागं कुणाच्या तरी चपला वाजून थांबल्या होत्या. ती वळली. निवृत्ती गुरुजी वरच्या पायरीवर उभे होते, एका हातात डबा. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. माजोक गडबडीनं उठून ताठ उभा राहिला.

गुरुजींनी त्याच्याकडं वर मान करून बघितलं, खूप वेळ. मग डबा त्याच्या हातात दिला.

"लिंबाखाली एक मावंल," ते म्हणाले. "कशीबशी."